नव्या घरात फरश्यांचे सांधे कुठे घ्यायचे: माल कालवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला कुठल्याही नव्या घरात डोकावलं तर हॉलमध्ये व्हिट्रिफाइड, स्वयंपाकघरात मॅट टाइल, एखाद्या बेडरूममध्ये लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट आणि मागच्या धुण्याच्या जागेत शहाबादी असा सगळा मेळ दिसतो. यातली एकेक फरशी निवडायला सगळं घर दुकानात जातं, चार नमुने उन्हात नेऊन बघतं. या फरश्या एकमेकींना कुठे भेटणार, हे मात्र मिस्त्री दारात उकिडवा बसून "मालक, इथनं तोडू काय?" असं विचारतो तेव्हा ठरतं. तोवर चौकटी बसलेल्या असतात, नळाचे पाइप गेलेले असतात, माल (वाळू-सिमेंटचं मिश्रण) कालवून तयार असतो. मग "तोडा तुम्हाला बरं वाटेल तिथं" एवढंच म्हणायचं उरतं.

सांधा कुठे यावा हे दाराची फळी, पाणी आणि उंची या तीन गोष्टी ठरवतात. रंगसंगतीचा नंबर त्यानंतर. म्हणून हे काम फरशीची ऑर्डर देण्याआधी आणि शक्यतो चौकटी बसण्याआधी उरकायचं. लागतं काय, तर घराच्या नकाशाची मोठी झेरॉक्स, दोन रंगीत पेन्सिली, टेप आणि एक रिकामी दुपार.

आणि एक आधीच सांगून टाकतो. सातशे-आठशे चौरस फुटांच्या घरात तीनपेक्षा जास्त प्रकारच्या फरश्या घालू नका. त्यापुढे घर टाइल्सच्या शोरूमसारखं दिसायला लागतं आणि प्रत्येक जास्तीचा प्रकार दोन-तीन नवे सांधे घेऊन येतो.

पहिलं काम: पाण्याची हद्द आखा

नकाशावर निळ्या पेन्सिलीने जिथे जिथे पाणी सांडतं तो भाग रंगवा. बाथरूम आणि धुण्याची जागा तर आलीच, पण आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे प्रत्येक घरात पिंपं असतात, टाक्या असतात, आणि पाण्याच्या दिवशी घरभर नळी फिरते. पिंप भरून वाहिलं की पाणी आर्किटेक्टने आखलेल्या 'वॉश एरिया'त थांबत नाही. पिंपं कुठे राहणार, नळी कुठल्या दारातून आत येणार, पिण्याच्या पाण्याचा हंडा कुठे बसणार, हे आधी नकाशावर मांडा आणि निळी हद्द तिथपर्यंत वाढवा. हे घरातल्या बाईमाणसांना विचारून करा. नळी कुठून कुठे जाते हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं.

आता नियम सोपा: निळ्या हद्दीच्या आत लाकूड, लॅमिनेट किंवा गुळगुळीत पॉलिशची फरशी येणार नाही, आणि दोन फरश्यांचा सांधा निळ्या हद्दीच्या मधोमध येणार नाही. सांधा हद्दीच्या काठावर. धुण्याची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यातला सांधा दारात घेतलात आणि पिंप दाराच्या आतल्या बाजूला ठेवलंत, तर त्या सांध्यात कायम ओल राहणार. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काही महिन्यांत सांध्यावर पांढरी रेघ उमटते. काळ्या ग्रॅनाइटवर ती फारच उठून दिसते.

दारातला सांधा: फळीच्या खाली

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

चौकट साधारण चार ते पाच इंच खोल असते. तिच्या एका बाजूला खाच असते, त्या खाचेत फळी बसते. फळीची जाडी ३० ते ३५ मिमी. दार ज्या खोलीत उघडतं त्या खोलीच्या बाजूला ही खाच असते. बेडरूमचं दार बेडरूममध्ये उघडतं, म्हणजे बंद केल्यावर फळी बेडरूमच्या भिंतीच्या बाजूला येते आणि चौकटीची उरलेली तीनेक इंच खोली हॉलच्या बाजूने दिसते.

मिस्त्री सवयीने सांधा भिंतीच्या मधोमध घेतो, किंवा हॉलच्या भिंतीच्या रेषेत. दोन्ही चूक. मधोमध घेतला की दार बंद असताना हॉलमधून बेडरूमच्या लॅमिनेटची इंचभर पट्टी दिसत राहते, आणि ती हॉलच्या पांढऱ्या टाइलशेजारी चुकून राहिलेल्या कात्रणासारखी वाटते. सांधा बंद फळीच्या जाडीच्या मधोमध आला पाहिजे. दार लावलं की हॉलमध्ये उभ्या माणसाला फक्त हॉलची फरशी आणि बेडरूममधल्याला फक्त बेडरूमची. धातूची पट्टी बसवणार असाल तर तिची रुंदी फळीच्या जाडीपेक्षा कमी घ्या, म्हणजे तीही फळीखाली लपते.

चौकट बसली असेल पण फळी अजून आली नसेल, तर खाचेची रुंदी मोजा आणि तिच्या मध्यावर चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंच्या तळाशी पेन्सिलीने खूण करा. तीच सांध्याची रेघ. चौकटीच बसल्या नसतील तर प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडणार याचा बाण नकाशावर काढा आणि सुतार व फरशीवाला दोघांनाही तोच नकाशा द्या. दार उघडण्याची बाजू मागाहून बदलली की सांधा तीन-चार इंच सरकतो, हे त्या दोघांपैकी कुणीच तुम्हाला सांगायला येत नाही.

फळीचा दुसरा संबंध उंचीशी. फळी ज्या खोलीत फिरते तिथली फरशी सांध्यापेक्षा वर असता कामा नये. हॉलपेक्षा बेडरूम दोन सूत (एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी) उंच झाली की दार घासतं, मग सुतार खालून रंधा मारतो, आणि फ्लश डोअर (प्लायचं सपाट दार) खालून जास्त कापलं तर आतली पट्टी उघडी पडते. पावसाळ्यात ती ओल धरते.

सरकत्या दाराला हा प्रश्न येत नाही. खालची रूळपट्टी असेल तर तीच सांधा.

उंची वरून खाली मोजायची

फरशीची उंची स्लॅबपासून वर मोजत गेलात तर प्रत्येक खोली वेगळ्या पातळीला येते. उलटं करा. घरभर भिंतींवर पाणलेव्हलने किंवा लेझरने एकच आडवी खूण मारून घ्या: तयार फरशीपासून बरोबर एक मीटर वर. यापुढे प्रत्येक खोलीत मोजमाप या खुणेपासून खाली. खूण प्लास्टरवर पक्क्या रंगाने मारा. पेन्सिलीची रेघ पुट्टीखाली जाते.

आता प्रत्येक फरशीची जाडी मांडा. समजा स्लॅबपासून तयार फरशीपर्यंत ५० मिमी जागा आहे. हॉलची व्हिट्रिफाइड टाइल ९ मिमी, म्हणजे तिच्याखाली मालाचा थर ४१ मिमी. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट घातलंत तर ते १८ मिमी, खाली ३२. बेडरूममध्ये लॅमिनेट ८ मिमी आणि त्याखालचा फोम ३ मिमी, म्हणजे कोबा (खालचा सिमेंटचा थर) ३९ मिमीवर थांबला पाहिजे. हे आकडे तुमच्या हातात आलेल्या फरश्यांचे घ्या, कॅटलॉगचे नको. टाइल आणि दगड प्रत्यक्ष मोजून बघा. शहाबादीची जाडी तर एकाच गाडीतही दोन-तीन सूत इकडेतिकडे असते. म्हणून ती घरातल्या दुसऱ्या फरशीशी एका पातळीत आणायचा अट्टहास करू नका. ती जिथे येते, म्हणजे धुण्याची जागा, पार्किंग, मागचं अंगण, तिथे पातळी खालीच हवी असते.

लॅमिनेटच्या खालचा कोबा घोटून सपाट लागतो. दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली तर खाली एका सुतापेक्षा जास्त फट दिसता कामा नये. नाहीतर सांध्यापाशीच लॅमिनेटची फळी पायाखाली दबते आणि 'टक' असा आवाज येतो.

पातळीतल्या फरकाबद्दल माझं मत ठाम आहे: एक तर फरक अजिबात नको, नाहीतर दिसेल असा हवा. अर्धा सूत वर-खाली पायाला कळत नाही. दोन-तीन सूत मात्र वाईट. डोळ्याला दिसत नाही आणि अंगठा बरोबर तिथे आपटतो. घरात वयस्कर माणसं असतील, उद्या चाकाची खुर्ची लागेल असं वाटत असेल, तर खोल्या-खोल्यांमध्ये शून्य फरक ठेवा आणि बाथरूमला १२ मिमीच्या आतला, कड तिरपी घासलेला उतार.

तळमजला आणि काळी माती

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. ज्यांचं स्वतःच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे त्यांनी मात्र वाचा.

सोलापूरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंती प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर) उभ्या असतात, बीम पायावर. खोल्यांमधली फरशी मात्र जोत्यात भरलेल्या मुरमावर बसते. म्हणजे दारात, जिथे फरशी बीमवरून जाते, तिथला भाग हलत नाही आणि दोन्ही बाजूंचा भराव थोडाफार खचतो. टाइल दारातून सलग नेली तर पुढच्या एक-दोन वर्षांत तडा नेमका चौकटीपाशी जातो. गवंडी टाइलला दोष देतो, दुकानदार गवंड्याला.

यावर दोन उपाय. एक, भराव थराथराने, पाणी मारून, धुम्मसने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) दाबून घ्या. एक पावसाळा मिळाला तर उत्तमच. दोन, तळमजल्यावर सांधा मुद्दाम दारातच घ्या, दोन्हीकडे एकच टाइल असली तरी. त्या जागी सिमेंटच्या ग्राऊटऐवजी (ग्राऊट म्हणजे टाइलमधली फट भरायचा मसाला) लवचीक सीलंट भरा. 'घरभर सलग फरशी, एकही जोड नाही' ही फॅशन काळ्या मातीवरच्या तळमजल्याला मानवत नाही.

जिथे दार नाही तिथे

हॉल आणि स्वयंपाकघर उघडं ठेवायची पद्धत आता रूढ झाली आहे. तिथे सांधा लपवायला फळी नाही, म्हणून रेघ कशाच्या तरी आधाराने यावी लागते. वर बीम असेल तर बीमच्या कडेखाली, भिंतीचा कोपरा असेल तर त्याच्या रेषेत. मोकळ्या जागेत मध्येच आलेली रेघ कायम 'असं का?' असं वाटायला लावते.

पण आधाराआधी माणूस. ओट्यापाशी उभं राहणाऱ्याचे पाय, मागून जाणारा, उघडलेलं फ्रिजचं दार, हे सगळं स्वयंपाकघराच्या फरशीवर मावलं पाहिजे. ओट्याच्या कडेपासून निदान साडेतीन फूट सोडा. तेल, पीठ आणि पाणी यांचा पसारा साधारण तिथवर येतो. जेवणाचं टेबल सांध्यावर येऊ देऊ नका. खुर्ची मागे ओढायला अडीच-तीन फूट लागतात आणि खुर्चीचा पाय पट्टीला रोज घासला तर पट्टी सुटते. आणि आपल्याकडे हॉलमध्ये सतरंजी टाकून दहा माणसं जेवायला बसतात हेही विसरू नका. बसायच्या जागेतून उंच धातूची पट्टी गेली तर कुणाच्या तरी मांडीखाली ती येणारच.

देवघराचा कोनाडा असेल तर संगमरवराची रेघ कोनाड्याच्या तोंडाशी न घेता पाटावर बसणाऱ्याच्या मागे घ्या, जागा असेल तर. बोळात सांधा टाळा. बोळ हॉलचाच भाग समजा आणि फरशी प्रत्येक दारापर्यंत न्या.

मुख्य दाराला उंबरा असतोच. तिथे आतली आणि बाहेरची फरशी एकमेकींना भिडतच नाहीत, उंबरा दोघींना वेगळं ठेवतो. फक्त रांगोळीसाठी उंबऱ्याबाहेर दीड-दोन फुटांचा मॅट दगड सोडा आणि तो बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ देऊन बसवा.

बाथरूमचा उंबरा

बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा १५ ते २५ मिमी खाली आणि मध्ये ग्रॅनाइटची पट्टी, एवढं सगळे करतात. खरं काम पट्टीच्या खाली असतं.

टाइलखालचा वाळू-सिमेंटचा थर पाणी ओढतो. बाथरूममधला थर आणि बेडरूममधला थर दाराखालून सलग असेल तर ओल त्या थरातून बाहेर येते. वरून टाइल कोरडी, पण दाराशेजारच्या भिंतीला खाली पोपडे आणि लॅमिनेटच्या कडा फुगलेल्या. म्हणून दारात हा थर तोडायचा. स्लॅबवर चौकटीच्या रुंदीइतका छोटा काँक्रीटचा बांध घाला, वॉटरप्रूफिंगचा लेप बाथरूमकडून त्या बांधावर चढवून घ्या, आणि ग्रॅनाइटची पट्टी त्यावर बसवा. हे चौकट बसण्याआधी झालं तर छान. नंतर करायचं तर चौकटीच्या पायांभोवती लेप नीट जातोय का ते उभं राहून बघा.

पट्टी ग्रॅनाइटचीच का? शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड. बाथरूम घासायचं ॲसिड लागलं की त्यांची चमक जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो. ग्रॅनाइटला हा त्रास होत नाही. पट्टी चौकटीइतकी रुंद, बाथरूमकडची वरची कड गोलसर किंवा तिरपी घासलेली. दार बाथरूममध्ये उघडत असेल तर बेडरूमकडून ही पट्टी दिसणार, म्हणून रंग चौकटीशी जुळवा.

आत ढाळ नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे), दर फुटाला निदान एक सूत. ढाळ दारापासूनच सुरू झाला पाहिजे. तांब्याभर पाणी उंबऱ्यापाशी ओतून ते कुठे जातं हे माल ओला असतानाच तपासता येत नाही, पण दोरी लावून तपासता येतं. ते करायला लावा.

तुकडा कुठे टाकायचा

सांध्याची जागा ठरली की टाइलची मांडणी तिथून उलटी मोजा. दारातल्या सांध्यापाशी निदान अर्धी टाइल आली पाहिजे. दोन इंचांची कापटी तिथे आली तर दिसायलाही वाईट आणि जाण्यायेण्याने सैल होऊन निघतेसुद्धा. तुकडे पलंगाखाली, कपाटाखाली, सोफ्यामागे ढकलावेत. पहिली ओळ माल न टाकता नुसती कोरडी मांडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन खोल्यांत वेगळ्या मापाच्या टाइल्स असतील, समजा एकीकडे दोन बाय दोन फुटांची आणि दुसरीकडे ८०० मिमीची, तर रेघा दारात जुळणार नाहीत. जुळवण्याचा प्रयत्नही करू नका. मध्ये ग्रॅनाइटची किंवा धातूची पट्टी द्या, म्हणजे न जुळलेलं मुद्दाम केलेलं वाटतं. एकच टाइल दोन खोल्यांत असेल पण बॉक्सवरचा शेड किंवा बॅच वेगळी असेल, तरी बदल दारातच करा. एका खोलीत दोन बॅच मिसळू नका.

सांध्यात काय भरायचं

टाइलला टाइल, पातळी सारखी: २-३ मिमी फट आणि ग्राऊट. ओल्या भागात एपॉक्सी ग्राऊट (सिमेंटऐवजी रेझिनचं, पाणी न ओढणारं). फट न सोडता टाइल चिकटवून लावणारे मिस्त्री अजूनही भेटतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेची गॅलरी किंवा मोठ्या खिडकीखालचा भाग तापला की टाइल फुगते आणि जागा नसल्यामुळे दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. गॅलरीच्या दारात तर सीलंटच भरा, कारण तिथे आत सावलीतली आणि बाहेर उन्हातली फरशी एकमेकींना खेटून असतात.

टाइलला लॅमिनेट: मध्ये ८ ते १० मिमी फट आणि वर टी आकाराची पट्टी. ही फट ग्राऊटने भरू नका. लॅमिनेट हवामानाप्रमाणे वाढतं-आकसतं, त्याला हलायला ती जागा लागते. पट्टीचा पाय खालच्या कोब्याला पक्का करायचा, लॅमिनेटला चिकटवायचा नाही. ॲल्युमिनियम स्वस्त पण लवकर चरे पडतात. पितळ सुंदर दिसतं, मात्र घासत बसावं लागतं. मी रोजच्या वापरासाठी मॅट स्टीलची सुचवतो.

दगडाला टाइल: दोन्हींची कड सरळ मशिनकट असेल तर पट्टीची गरज नाही. हातकट दगड असेल तर एल आकाराची पट्टी टाइलच्या कडेला आधीच बसवून घ्यावी लागते; मागाहून ती बसत नाही.

कामाचा क्रम

आधी बाथरूमचे उंबरे, मग दगडाच्या फरश्या आणि त्यांचं पॉलिश, मग टाइल, मग रंगकाम, आणि सगळ्यात शेवटी लॅमिनेट. दगडाच्या पॉलिशचा पाण्याचा राडा घरभर पसरतो, म्हणून लॅमिनेट आधी घातलंत तर ते गेलंच समजा. टाइल संपते त्या उघड्या कडेला लाकडी पट्टी ठोकून ठेवा, नाहीतर रंगाऱ्याच्या घोडीखाली तिचे टवके उडतात.

प्रत्येक दाराचा छोटा तक्ता करा: कुठून कुठे, फळी कुठल्या बाजूला, दोन्हीकडची फरशी आणि जाडी, पातळीतला फरक, मध्ये पट्टी कोणती. दोन बेडरूमच्या घरात हा एका पानात मावतो. त्याची प्रत भिंतीला चिकटवा आणि मिस्त्रीला तोंडीही सांगा, कारण मिस्त्री बदलतो आणि कागद चुन्याने भरतो. दारातल्या रेघा स्वतः उभं राहून मारून घ्या, कामाच्या दिवशी सकाळी, माल कालवायच्या आधी.

प्रत्येक प्रकारच्या चार-पाच टाइल्स आणि हातभर जास्तीची पट्टी काम संपल्यावर माळ्यावर टाकून ठेवा. बॉक्सचं बॅच नंबर असलेलं झाकणही त्याच गठ्ठ्यात बांधा.